भेटवस्तू आणू नयेत

"बाबा, ते खोकं न्यायला विसराल तर बघा हं!" लेक दारातूनच ओरडली. एक पाय चपलेत, एक बाहेर, तोंडात केसांच्या पिना. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि आज दुपारपाळी होती.

"कुठलं खोकं?" पेंटरांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं इतकंच. कपाटावरचं चमचमत्या कागदातलं ते खोकं सकाळपासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं.

"रंगीत खडूंचं. बिट्टीच्या मैत्रिणीसाठी. पाचला तिला घेऊन जायचंय ना तुम्हाला वाढदिवसाला?"

"पण कार्डावर लिहिलंय की—"

"बाबा!" लेकीनं तोंडातल्या पिना हातात घेतल्या, म्हणजे आता सविस्तर ऐकून घ्यावं लागणार होतं. "असं सगळेच लिहितात. 'नको' लिहायचं आणि आलेलं ठेवून घ्यायचं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे अन् खायचे वेगळे, हे तुम्हाला मी शिकवायचं का? पोर या शाळेत नवीन आहे. वर्षभरात पहिल्यांदा तिला कुणी वाढदिवसाला बोलावलंय. तिथं ती एकटी रिकाम्या हातानं उभी राहिली ना, तर उद्या तिच्याशेजारी बाकावर कुणी बसायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"खोकं न्यायचं."

लेक गेली. जावई परगावी नोकरीला, त्यामुळे घरात उरले दोघंच: पेंटर आणि नात. नात पिवळा फ्रॉक घालून तयार होऊन कधीची आरशापुढं गिरक्या घेत होती.

"आजोबा, मी सायकल घेऊ?"

"नको. फ्रॉक चाकात अडकेल. इकडे ये आधी. हे कार्ड वाच."

बिट्टीनं कार्ड हातात घेतलं आणि शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं, "तुमचं येणं हीच आमच्या छकुलीला भेट. कृपया भेटवस्तू आणू नयेत."

"मग? काय करायचं आपण?"

बिट्टीनं कपाटावरच्या खोक्याकडं पाहिलं, मग आजोबांकडं. "नाही न्यायचं."

"शाब्बास!" पेंटर म्हणाले, आणि तिच्या हातातलं कार्ड नीट आपल्या खिशात ठेवून त्यांनी दाराला कुलूप घातलं. खोकं कपाटावर राहिलं.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला एवढाही व्यवहार कळू नये? तर तसं नव्हतं. व्यवहार त्यांना कळत होता, पटत नव्हता. त्यांचा सगळा जन्म पाट्या लिहिण्यात गेला होता. त्यांचं खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागे. सगळं गाव त्यांना 'पेंटर' म्हणे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या, सगळ्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्सची मशिनं आली आणि दुकानांच्या पाट्या गेल्या. राहिल्या त्या भिंतीवरच्या सूचना. कारण फ्लेक्स पोरं फाडतात, भिंत कोण फाडणार? येथे थुंकू नये. फुले तोडू नयेत. रांगेत उभे राहावे. पेंटर मन लावून लिहीत. अक्षराला मागून करडी सावली दिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. थुंकू नये लिहायला सावली कशाला, असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "त्यांनी थुंकायच्या आधी निदान लाजावं म्हणून."

बिट्टी या पाट्यांवरच वाचायला शिकली. शाळेत जायच्या आधीपासून तिला खांद्यावर बसवून ते गावभर हिंडत. ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि वाचून झालं की आजोबा विचारायचे, "मग काय करायचं?" नुसतं वाचणं त्यांच्या लेखी अर्धंच काम होतं.

दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी दोघं आली तशी बिट्टी सवयीनं थांबली. त्या भिंतीवर पेंटरांच्या हातचं 'येथे गाडी लावू नये' होतं, म्हणजे असावं. 'गाडी'चा रंग उडाला होता, 'नये' तर शोधावं लागत होतं, आणि बरोबर त्याच्याखाली तीन मोटारसायकली अंग टेकून उभ्या होत्या.

"आजोबा, ही पाटी तुम्ही परत का रंगवत नाही? ते दवाखान्याचे काका किती वेळा विचारतात."

"जी पाटी कुणी पाळत नाही ती मी पुन्हा रंगवत नाही," पेंटर म्हणाले. त्यांचं आणि त्या भिंतीचं हे जुनं भांडण होतं. "मागे ते म्हणाले, खाली आणखी एक ओळ टाका, 'सक्त मनाई आहे' म्हणून. मी म्हटलं, पहिली ओळ ज्याला दिसत नाही त्याला दुसरी दिसणारेय थोडीच? पालथ्या घड्यावर पाणी. चल."

हॉल एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. दाराशी फुगे, आत गाणी, पोरांचा गलका. आणि दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर उजव्या हाताला एक लांबलचक टेबल. ते टेबल पाहून पेंटर दारातच थबकले.

टेबलावर खोक्यांचा डोंगर होता. लाल, निळी, सोनेरी, रिबिनी बांधलेली, फुलं चिकटवलेली. टेबलाखालीही होती. येणारं प्रत्येक पोर हातातलं खोकं मिरवत येत होतं आणि त्याच्या मागून येणारी आई "अहो, काही नाही, आपलं उगाच लहानसं" असं म्हणत होती. ते लहानसं उचलायला कधी कधी दोघं लागत होती.

"या ना काका!" मोत्याच्या माळेची एक बाई पुढं आली. ती छकुलीची मावशी होती आणि टेबलाचा ताबा तिच्याकडं होता. "तुमचं इथं ठेवा. कुठंय?"

"आमचं... कार्डावर..." पेंटर म्हणाले.

"अगंबाई! विसरलात वाटतं घरी? होतं असं घाईत," मावशी म्हणाली. तिनं समजूतदारपणे म्हटलं होतं. म्हणून ते जास्त लागलं. शेजारच्या दोन बायकांनी बिट्टीच्या हातांकडं पाहिलं आणि मग एकमेकींकडं पाहिलं.

बिट्टी आजोबांना बिलगली. हळूच म्हणाली, "आजोबा, यांना कुणालाच वाचता येत नाही का?"

एरवी या वाक्यावर पेंटर आठवडाभर खूश राहिले असते. आज त्यांनी नुसतं टेबलाकडं पाहिलं. पिवळ्या फ्रॉकमधली आपली नात सगळ्या हॉलमध्ये एकटीच मोकळ्या हातांची आहे, हे त्यांना लांबूनही दिसलं असतं. केक कापला गेला, टाळ्या झाल्या आणि छकुलीच्या मामानं माइक हातात घेतला. माइक हातात आला की काही माणसांना कंठ फुटतो, त्यातला हा मामा. "तर बालमित्रहो! केक कापून झाला. आता एकेकानं यायचं, आपल्या उत्सवमूर्तीला भेट द्यायची आणि मस्तपैकी फोटो काढायचा! चला, रांग करा!"

म्हणजे गुपचूप कोपऱ्यात बसून वेळ मारून नेण्याचीही सोय राहिली नाही.

लेकीचं बोलणं पेंटरांना आठवलं. तुमच्या हट्टापायी पोर उघडी पडली, असं त्यांचं मनच त्यांना म्हणायला लागलं. "तू रांगेत थांब. मी आलोच," ते बिट्टीला म्हणाले आणि धोतर असतं तर ते सावरत पळाले असते असे बाहेर निघाले.

कोपऱ्यावर खेळण्यांचं दुकान होतं. पेंटर धापा टाकत आत शिरले आणि समोर दिसलं ते उचललं. पुठ्ठ्याचे तुकडे जोडून हत्ती करायचा, असलं काहीतरी होतं. उचललं आणि नजर वर गेली. फळीच्या वर पाटी होती: 'मालाला हात लावू नये'. मागून करडी सावली. अक्षर त्यांचंच.

त्यांनी खोकं खाली ठेवलं.

"अहो घ्या, घ्या, बघा हातात घेऊन," दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला. "ते आपलं असंच लिहिलंय."

"असंच?" पेंटर म्हणाले.

"पाटी हो. लावायची म्हणून लावलीय. वाढदिवसाला चाललात ना, त्या हॉलवर? कार्डात नको म्हटलंय म्हणून रिकामे आलात, आणि आता पळापळ. दर वाढदिवसाला एखादा तरी येतोच असा. गुंडाळून देऊ?"

एरवी कुणी हे बोललं असतं तर पेंटरांनी त्याच्याशी तासभर वाद घातला असता. आज त्यांनी मान हलवली. "जरा लवकर द्या," एवढंच म्हणाले.

परत आले तेव्हा बिट्टीच्या पुढं दोनच पोरं उरली होती. पेंटर रांगेला वळसा घालून तिच्याजवळ गेले आणि खोकं तिच्या हाताशी नेलं. "घे. धर पटकन."

"हे काय?"

"भेट. दे तिला."

बिट्टीच्या कपाळाला आठी पडली. "पण कार्डावर नको लिहिलंय."

"असू दे गं. सगळ्यांनी आणलंय ना? घे."

"म्हणजे कार्डावर खोटं लिहिलंय?"

"खोटं नाही, पण..." पेंटर अडखळले. काय सांगायचं? की 'नको' म्हणजे 'आणा'? मग 'गाडी लावू नये' म्हणजे काय? 'फुले तोडू नयेत' म्हणजे काय? खांद्यावर बसवून हिंडवलेल्या सगळ्या दुपारी त्या एका 'पण'मध्ये बुडायला आल्या होत्या. त्यांनी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "बिट्टे, सगळ्यांसमोर वाईट दिसेल गं."

बिट्टीनं एकदा टेबलाकडं पाहिलं. तिलाही ते दिसतच होतं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसरा घट्ट धरला.

"मला नको," ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंत."

"आणि ही आपली पिवळी परी!" मामा ओरडला. "या या! परीनं काय आणलंय बरं आमच्या छकुलीसाठी?"

बिट्टी पुढं गेली. मामानं माइक तिच्या तोंडाशी धरला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि ते सगळ्या हॉलभर ऐकू गेलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दोन-चार मुलं हसली. छकुलीची आई लगबगीनं पुढं येत म्हणाली, "असू दे, असू दे बाळा, काही हरकत नाही—"

"कार्डावर लिहिलं होतं, आणू नका," बिट्टी म्हणाली. आवाज जरा कापला, पण थांबला नाही. "तुमचं येणं हीच भेट, असं लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. मग मी आलेय."

छकुलीच्या आईचा हात होता तिथंच राहिला. ती नवऱ्याकडं बघायला लागली आणि नवरा छताच्या फुग्यांकडं.

फोटोवाल्याला मात्र आपलं काम उरकायचं होतं. "चला, फोटो! इकडं बघा!"

"पण धरायचं काय?" छकुली गोंधळून म्हणाली. इतका वेळ प्रत्येक फोटोत एक बाजू तिनं आणि एक बाजू आणणाऱ्यानं, असं मध्ये खोकं धरलेलं होतं. तिचे दोन्ही हात तसेच पुढं आले होते.

बिट्टीनं क्षणभर विचार केला. "हात धर की," ती म्हणाली.

छकुलीनं धरला. फोटो निघाला. निघाल्यावरही छकुलीनं तिचा हात सोडला नाही. तिला ओढत बाजूच्या खुर्चीवर आपल्याशेजारी बसवलं आणि पुढच्या मुलाचं खोकं एका हातानं घेतलं.

खांबाशी पेंटर उभे होते. त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी भिंती भरून लिहिलं, आणि त्यातलं एक अक्षर असं चालत जाऊन माणसांसमोर ताठ उभं राहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. माझी नात आहे ती, असं तो माइक हिसकावून ओरडावंसं त्यांना वाटलं.

"अहो काका!" मोत्याची माळ शेजारी येऊन उभी राहिली. "तुमच्या हातात आहे की खोकं! आणा ना, मी ठेवते टेबलावर. तिचं नाव टाकू?"

पेंटरांनी हातातल्या खोक्याकडं पाहिलं. द्यायला सोपं होतं. सगळं झाकलं गेलं असतं, बायकांच्या नजरा निवल्या असत्या, लेकीचं बोलणं टळलं असतं. पोरीला कळलंही नसतं कदाचित.

"हे?" ते म्हणाले. "हे इथलं नाही," आणि त्यांनी ते आपल्या खांद्यावरच्या पिशवीत घातलं.

निघताना छकुलीची आई दाराशी उभी होती. प्रत्येक मुलाला एक कागदी पिशवी देत होती, त्यात खाऊ आणि एखादं खेळणं. बिट्टीनं हात पुढं करायच्या आधी पिशवी वरून खालून नीट पाहिली.

"काय गं?" आजोबांनी विचारलं.

"नको असं कुठं लिहिलंय का बघतेय."

छकुलीची आई हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा जरा उतरला. "काका, आम्ही खरंच मनापासून लिहिलं होतं हो. घरात पाय ठेवायला जागा नाही खेळण्यांनी. पण पहिलीच पाहुणी घेऊन आली. तिला परत कसं पाठवायचं? मग दुसरी आली, आणि मग..."

"कार्ड छापील होतं ना, म्हणून," पेंटर गंभीरपणे म्हणाले. "हातानं लिहिलं असतंत तर निदान निम्मे तरी थांबले असते."

बाहेर दिवे लागत होते. बिट्टी पिशवीतला खाऊ संपवत चालली होती. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही ते खोकं का आणलंत?"

सांगण्यासारखी दहा कारणं पेंटरांकडं होती. त्यांनी ती सगळी सोडून दिली.

"घाबरलो गं," ते म्हणाले.

"मीपण घाबरले होते," बिट्टी म्हणाली, आणि तिनं त्यांचं बोट धरलं.

लेक पाळी संपवून आली तेव्हा कपाटावर एकाऐवजी दोन खोकी होती. "हे काय? नेलं नाहीत? आणि हे दुसरं कुठून उपटलं?" तिचा आवाज चढायला लागला. बिट्टीनं अंथरुणातूनच सगळी हकीकत सांगितली, माइकच्या नकलेसकट. ऐकता ऐकता लेक खाली बसली. शेवटी बापाकडं बघून म्हणाली, "एक होतात ते काय कमी होतं? आता घरात दोन झाले." पण तिनं बिट्टीला जवळ ओढून घेतलं ते बराच वेळ सोडलं नाही, हे पेंटरांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटर माळ्यावरून रंगाचे डबे काढून दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मोटारसायकली होत्याच, आज तीनच्या चार झाल्या होत्या. त्यांच्या फटींतून वाकून, एक पाय इकडं एक पाय तिकडं ठेवून त्यांनी भिंत घासली, दोरीला चुना लावून रेघ मारली आणि 'येथे'पासून सुरुवात केली. हात पहिल्यासारखा स्थिर नव्हता. मनगट दुसऱ्या हातानं धरावं लागत होतं. दवाखान्याचे काका बाहेर येऊन बघत राहिले. "पेंटर, तुम्ही तर म्हणाला होतात पुन्हा रंगवणार नाही? कोण वाचतंय, म्हणाला होतात."

"आहे एक जण," पेंटर म्हणाले.

'नये'ची सावली भरत असताना शाळा सुटल्याचा गलका ऐकू आला. थोड्या वेळानं पाठीमागं घंटी वाजली. बिट्टीच्या लहान सायकलीची घंटी त्यांना ओळखू येई. तिच्या जोडीला आणखी एक घंटी होती, नवी कोरी.

"आज बाकावर कोण बसलं गं?" मान न वळवता त्यांनी विचारलं. दिवसभर तेच एक मनात होतं.

"छकुली. आणि दुसऱ्या बाजूला अजून एक जण. तिसरीला जागाच नव्हती!" बिट्टी म्हणाली. "हिला तुमची अक्षरं बघायची होती म्हणून आणलं."

मग मागं कुजबुज झाली. छकुलीनं आपली सायकल मोटारसायकलींच्या शेजारी भिंतीला टेकवली असावी, कारण बिट्टी म्हणत होती, "थांब, आधी वाच." छकुली ओल्या अक्षरांवरून बोट फिरवल्यासारखं हवेत फिरवत वाचायला लागली. वाचून संपल्यावर बिट्टीनं विचारलं, "मग काय करायचं?"

पेंटरांनी सावलीचा शेवटचा फराटा मारला आणि मगच वळून पाहिलं. भिंतीशी चारही मोटारसायकली तशाच उभ्या होत्या. रस्त्यापलीकडं, पार लांबच्या झाडाला, दोन लहान सायकली एकमेकींना टेकवून लावलेल्या होत्या, आणि दोघी मुली दोन्ही बाजूंना बघत, रस्ता ओलांडून त्यांच्याकडं चालत येत होत्या.